नाक कोरडं, डोळा कोरडा: स्टेम सेलच्या आधी कारण शोधा

पत्र: डॉक्टर, आमची मिनू सात वर्षांची कॉकर स्पॅनियल. पाच महिन्यांपासून तिचा उजवा डोळा चिपडतोय. सकाळी पापण्या चिकटलेल्याच असतात, पुसल्या तरी दुपारपर्यंत पुन्हा पिवळट चिकट घाण. अँटिबायोटिकचे थेंब घातले की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी डोळ्यात कागदाची पट्टी धरून तपासलं. उजव्यात 3 आणि डाव्यात 13 आलं, ‘ड्राय आय’ म्हणाले. सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा, तेही आयुष्यभर. तीन आठवडे घातलं, काहीच फरक दिसेना म्हणून सोडलं. मी दिवसभर कामावर. घरी आई असते, पण तिच्या हाताला कंप आहे, आणि मिनू आता ट्यूब दिसली की पलंगाखाली जाऊन बसते. त्यात एका दवाखान्यात स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय. एकदा दिलं की मलमाची कटकट कायमची संपेल म्हणाले. खर्च बराच आहे, पण मिनूपुढे त्याचं काही नाही. तिच्या उजव्या कानाचंही वर्षभर काही ना काही चालूच असतं, उजवी नाकपुडी हल्ली कोरडी, खरखरीत दिसते, वय झालं म्हणायचं. तर स्टेम सेल करावं का? मलम खरंच सुटेल का? आणि थांबलो तर तिचा डोळा जाईल का?

उत्तर: ताई, इंजेक्शनची तारीख घेतली असेल तर ती तूर्त पुढे ढकला. स्टेम सेल उपचार वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिलंत, ते वाचून मला वाटतं की मिनूचा डोळा कोरडा का पडला हे अजून कोणी नीट शोधलेलंच नाही. कारण कळल्याशिवाय हे इंजेक्शन देण्यात अर्थ नाही.

उजवा डोळा, उजवी नाकपुडी, उजवा कान. तिन्ही एकाच बाजूचे. वयामुळे कुत्र्याचं नाक खरखरीत होतं तेव्हा ते सहसा दोन्ही बाजूंनी होतं. एकच नाकपुडी कोरडी आणि त्याच बाजूचा डोळा कोरडा, अशी जोडी दिसली की मज्जातंतूची शंका घ्यायची, हे आम्हाला शिकतानाच सांगितलेलं असतं. तरीही हे निसटतं, कारण डोळा तपासणारा माणूस डोळ्याकडे बघतो आणि नाकाचं कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत, फार बरं केलंत.

कुत्र्याच्या डोळ्यात पाणी मुख्यतः दोन ग्रंथींमधून येतं. एक डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याकडे हाडाच्या आडोशाला असते. दुसरी तिसऱ्या पापणीच्या मुळाशी, म्हणजे आतल्या कोपऱ्यातून कधी कधी वर सरकताना दिसतो त्या पांढरट पडद्याच्या तळाशी. ग्रंथींना पाणी सोडण्याचा हुकूम मज्जातंतूंकडून येतो. हे तंतू काही अंतर चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूबरोबर, फेशियल नर्व्हबरोबर जातात, आणि ती वाट मधल्या कानाला अगदी लागून असलेल्या हाडातून जाते. नाकपुडी ओली ठेवणाऱ्या ग्रंथीकडे जाणारे तंतूही याच वाटेने निघतात. त्यामुळे मधल्या कानात सूज आली, पू साठला, तर त्याच बाजूचा डोळा आणि नाकपुडी दोन्ही एकदम कोरडी पडू शकतात. कॉकर स्पॅनियलचे कान लांब, लोंबते, आत केस दाट. कानाचं दुखणं या जातीत नेहमीचंच. वर्षभर वाहणाऱ्या कानात दुखणं कानाच्या पडद्याच्या आत शिरलेलं असणं अजिबात दुर्मीळ नाही.

याला मज्जातंतूजन्य कोरडा डोळा म्हणतात. यात ग्रंथी शाबूत असते, फक्त तिला हुकूम मिळत नाही. पंप धडधाकट आहे, वीज गेली आहे, असं समजा.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण मी मिनूला पाहिलेलं नाही. कुत्र्यांमधला कोरडा डोळा बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने होतो. शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ग्रंथीत घुसतात, सूज धरते आणि हळूहळू पाणी बनवणारा भाग जाऊन तिथे तंतुमय जाळं उरतं. कॉकर स्पॅनियल, बुलडॉग, पग, शिह त्झू, ल्हासा ॲप्सो, वेस्ट हायलंड व्हाइट टेरियर या जातींत हे जास्त दिसतं. म्हणजे मिनूची जात या यादीतही बसते. हा प्रकार बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, पण सुरुवातीला एक डोळा पुढे आणि दुसरा मागे असू शकतो. तिच्या डाव्या डोळ्याचा 13 हा आकडाही पुरता निर्धास्त करणारा नाही. शर्मर टेस्टमध्ये एका मिनिटात पट्टी 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजली तर ठीक म्हणतात, 10 च्या वर पण 15 च्या आत असेल तर लक्ष ठेवायचं, आणि 5 च्या खाली गेलं की कोरडेपणा तीव्र. तेव्हा प्रतिकारशक्तीचा प्रकार नाहीच असं मी म्हणत नाही. पण 3 आणि 13 मध्ये इतकी तफावत, वर नाक आणि कान, हे सगळं असताना मज्जातंतूची बाजू न तपासता पुढे जाणं मला पटत नाही.

स्टेम सेल नेमकं काय करतात हे एकदा बघू, म्हणजे हा आग्रह का ते लक्षात येईल. या उपचारात वापरतात त्या मेसेन्कायमल पेशी. त्या बहुधा कुत्र्याच्या चरबीतून काढतात आणि प्रयोगशाळेत वाढवतात. चरबी त्याच कुत्र्याची असते किंवा दुसऱ्या निरोगी कुत्र्याची. मग सुईने अश्रुग्रंथीच्या आसपास आणि तिसऱ्या पापणीच्या ग्रंथीत टोचतात. ‘स्टेम सेल’ म्हटलं की नवी ग्रंथी उगवेल असं वाटतं. तसं होत नाही. या पेशी फार काळ तिथे टिकतही नाहीत. टिकतात तोवर त्या अशी रसायनं सोडतात की भडकलेल्या लिम्फोसाइट शांत होतात, सूज उतरते, आणि ग्रंथीचा जो भाग अजून जिवंत आहे त्याला पुन्हा काम करायला मोकळीक मिळते. थोडक्यात, हा उपचार प्रतिकारशक्तीला आवरण्याचा आहे. जिथे प्रतिकारशक्ती उलटलेलीच नाही, तिथे तो आवरणार कोणाला? मिनूचा मज्जातंतू मधल्या कानात अडकला असेल, तर ग्रंथीत कितीही पेशी टोचल्या तरी हुकूम काही पोहोचणार नाही. जन्मतःच ग्रंथी नसलेल्या, चेरी आयसाठी (तिसऱ्या पापणीची ग्रंथी लाल गोळ्यासारखी बाहेर येते त्यासाठी) ग्रंथी कापून टाकलेल्या किंवा वर्षानुवर्षांच्या सुजेने ग्रंथी पार सुकून गेलेल्या कुत्र्यांमध्येही माझा हाच आक्षेप असतो.

आता पुरावा. या उपचारावर खरंखुरं काम झालेलं आहे आणि ते मी मनापासून कौतुकाने वाचते. 2015 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी कोरड्या डोळ्याच्या 12 कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्याच्या चरबीतल्या पेशी एकदाच टोचल्या आणि 9 महिने पाठपुरावा केला. पाणी वाढलं, चिपडं कमी झाली, डोळ्यांची लाली उतरली, मोठा अपाय दिसला नाही. 2016 मध्ये ब्राझीलमधल्या गटाने 15 कुत्र्यांवर असंच काम केलं. त्यात सौम्य आणि मध्यम कोरडेपणा असलेल्या डोळ्यांना चांगला गुण आला. तीव्र कोरडेपणा असलेल्या डोळ्यांत पाणी वाढलं खरं, पण ते निरोगी आकड्यापर्यंत पोहोचलं नाही. मिनूच्या उजव्या डोळ्याचा 3 हा तीव्र गटातला आकडा आहे. ‘मलमाची कटकट कायमची संपेल’ हे वाक्य या अभ्यासाच्या शेजारी ठेवून बघा.

शिवाय हे अभ्यास छोटे आहेत. स्पेनमधल्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे तशाच कुत्र्यांना नुसतं सलाइन टोचलं असतं तर काय झालं असतं हे त्यातून समजत नाही. ही किरकोळ तक्रार नाही. कोरडा डोळा वरखाली होत राहतो. शर्मर टेस्टचा आकडा एकाच कुत्र्यात दिवसागणिक बदलतो. अभ्यासात असलं की मालक डोळे जास्त काळजीने पुसतात. आणि मज्जातंतूजन्य प्रकार तर काही कुत्र्यांमध्ये काही महिन्यांत आपोआप सुधारतो. समजा मिनूला उद्या इंजेक्शन दिलं आणि तीन महिन्यांनी मज्जातंतू आपसूक सावरला, तर श्रेय कोणाला जाईल? स्टेम सेलला. तुम्हीही मनापासून तेच सांगत फिराल, आणि कानातलं दुखणं तसंच राहील.

स्टेम सेल म्हणजे सगळी हवाच, असाही समज करून घेऊ नका. युरोपात 2019 मध्ये घोड्यांच्या लंगडेपणासाठी आणि पुढे कुत्र्यांच्या संधिवातासाठी स्टेम सेलची औषधं रीतसर तपासणी होऊन मंजूर झाली आहेत. त्या मंजुऱ्या सांध्यांसाठी आहेत, डोळ्यांसाठी नाहीत, एवढंच ध्यानात ठेवा. कोणी ‘मंजूर उपचार आहे’ म्हणालं तर ‘कशासाठी मंजूर?’ हा प्रश्न विचारायचा.

मग आता करायचं काय. शक्य असेल तर पशुवैद्यकातल्या नेत्रतज्ज्ञाकडे जा, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जा आणि नाकपुडीचं पहिल्या वाक्यात सांगा. शर्मर टेस्ट दोन्ही डोळ्यांची पुन्हा करून घ्या. टेस्टच्या अगदी आधी डोळ्यात कुठलेही थेंब घालू नका, नाहीतर पट्टी थेंबांनीच भिजेल. पापणीच्या कोपऱ्याला बोट हलकेच लावून ती पुरी मिटते का बघतील. ओठ किंवा कान एका बाजूला ढिला लोंबतोय का, मान कलते का, हेही बघतील. पापणी न मिटणं आणि ओठ-कान ढिला पडणं ही फेशियल नर्व्हची खूण असते, मान कलणं ही आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची. हिरव्या रंगाचा थेंब घालून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, जखम नाही ना ते तपासतील. आणि कान. नुसता वरून पुसून पाठवू देऊ नका. आतपर्यंत बघून पडदा शाबूत आहे का हे पाहायला हवं, त्यासाठी भूल द्यावी लागली तरी. मधल्या कानाची शंका असेल तर सीटी स्कॅनचा विषय निघेल, तेव्हा नाही म्हणू नका. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, कारण थायरॉइड कमी असलं तरी मज्जातंतू आणि डोळे दोन्ही बिघडू शकतात.

आणखी एक. गेल्या वर्षभरात तिला दिलेल्या औषधांची यादी करून न्या, कानाची, जुलाबांची, सांधेदुखीची, सगळी. सल्फा गटातली अँटिबायोटिक्स आणि एटोडोलॅक नावाचं वेदनाशामक यांनी कुत्र्यांचे डोळे कोरडे पडतात हे चांगलं माहीत असलेलं आहे. सल्फा दिलं असेल तर ते ज्याने लिहिलं त्यालाही कळायला हवं.

निदान मज्जातंतूकडे झुकलं तर तुमच्या घराच्या दृष्टीने त्यात एक चांगली गोष्ट आहे. त्यावर पायलोकार्पिन नावाचं औषध वापरतात. ते हुकूम मिळत नसलेल्या ग्रंथीला थेट चेतवतं. असतात ते डोळ्याचेच थेंब, पण ते डोळ्यात घालायचे नसतात, डोळ्यात आग होते. मोजून खाण्यात मिसळून द्यायचे असतात. म्हणजे हे काम आई करू शकतील. मात्र मात्रा डॉक्टरच ठरवतील, अगदी थोड्यापासून सुरू करून बेताबेताने वाढवतील. लाळ गळायला लागली, उलटी झाली, पातळ जुलाब झाले की मात्रा जास्त झाली समजायचं आणि लगेच कळवायचं. हृदयाची ठोक्यांची गती मंदावू शकते, म्हणून हृदय आधी तपासलेलं बरं. आईंना तेवढं सांगा की कंपामुळे थेंब जास्त पडला असं वाटलं तर ते खाणं टाकून द्यायचं, तसंच पुढ्यात ठेवायचं नाही. बाटली एकदा तुम्ही सकाळी आणि एकदा परत आल्यावर हाताळलीत तर ही भानगडच नको. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि तोवर डोळा ओला ठेवायला ल्युब्रिकंट लागतंच. कान बरा करण्याचं काम त्याच्याबरोबरीने चालू राहील, त्यालाही आठवडे लागतात.

निदान प्रतिकारशक्तीकडे झुकलं, तर ताई, सायक्लोस्पोरिनला तुम्ही पुरेशी संधी दिलेली नाही. तुमचा दोष नाही, किती दिवस लागतील हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. या मलमाचा गुण बहुतेकदा 4 ते 8 आठवड्यांनी दिसायला लागतो, कधी 12 आठवडेही लागतात. तीन आठवड्यांत सोडलं म्हणजे ते लागू पडत नाही असं सिद्ध झालं नाही. या औषधाबद्दल मला विशेष आदर आहे. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात रेने कॅस्वान या पशुवैद्य नेत्रतज्ज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यावर ते वापरून पाहिलं. कुत्र्यांसाठीचं 0.2 टक्क्यांचं मलम 1990 च्या दशकात मंजूर झालं, आणि माणसांच्या कोरड्या डोळ्यासाठीचे सायक्लोस्पोरिनचे थेंब त्यानंतर, 2002 मध्ये मंजूर झाले. कुत्र्यांनी माणसांना दिलेलं औषध आहे हे. इतक्या वर्षांत असंख्य कुत्र्यांच्या डोळ्यांत ते गेलेलं आहे, त्याचे फायदे आणि मर्यादा आम्हाला नीट ठाऊक आहेत. 0.2 टक्क्यांनी भागलं नाही तर 1 किंवा 2 टक्क्यांचं बनवून घेता येतं, तेही चाललं नाही तर टॅक्रोलिमस हे तशाच कामाचं दुसरं औषध आहे. हे सगळं रीतसर करून पाहिल्यावरच ‘औषधाला दाद देत नाही’ असं म्हणायचं. पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळचं मलम चुकवू नका. औषध अंगात असताना पाणी किती बनतं, तेच मोजायचं असतं.

मलम घालायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहिते. पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की स्टेम सेलकडे तुमचं मन गेलं ते ट्यूब, कंप आणि पलंग या तिघांमुळे, आणि त्याचा विचार कुठल्याही निदानाइतकाच व्हायला हवा.

दिवसातून दोनदा म्हणजे घड्याळ लावून बारा तासांनी, असं नाही. तास-दोन तास इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. तुम्ही निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, दोन्ही वेळा तुमच्याच हातून होऊ शकतं. मिनूला समोरून गाठू नका. तिला तुमच्याकडे पाठ करून, दोन्ही गुडघ्यांमध्ये बसवा, म्हणजे तिला मागे सरकायला जागा उरत नाही आणि ट्यूब समोरून येताना दिसत नाही. आधी डोळा साफ करा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून तो मिटल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता ठेवा. वाळलेली चिपडं मऊ होतात, मग आतल्या कोपऱ्यातून बाहेर अलगद पुसून घ्या. कोरडं चिपड ओढून काढलं की तिला दुखतं आणि तेच तिच्या लक्षात राहतं. ट्यूब पाहून ती पळते यामागे बरेचदा हे ओढणंच असतं. चिपडांवरून मलम लावून उपयोग नाही, ते आत पोहोचतच नाही. साफ झाल्यावर ट्यूब धरलेल्या हाताची कड तिच्या कपाळावर टेकवा. तीच कड वरची पापणी हलकेच वर ओढेल, आणि तिने डोकं हलवलं तरी हात डोक्याबरोबर हलेल, ट्यूबचं टोक डोळ्यात जाणार नाही. सुमारे अर्धा सेंटिमीटर मलम पुरतं. एवढंही जमलं नाही तर हात स्वच्छ धुऊन बोटाच्या टोकावर मलम घ्या आणि खालच्या पापणीच्या आतल्या कडेला पुसा. पापणी मिटली की ते पसरतं. नंतर हात पुन्हा धुवा, हे औषध आपल्या डोळ्यात नको. आणि लगेच, त्याच क्षणी, तिचं आवडतं काहीतरी द्या. पहिले काही दिवस तर ट्यूब बंद ठेवूनच नुसतं बसवणं, पुसणं आणि खाऊ, एवढाच सराव करा. दिवसातल्या मधल्या वेळेचं ल्युब्रिकंट आईंना घालायचं असेल तर जेलसारखं दाट निवडा. हात थरथरला आणि थेंब पापणीवर पडला तरी तो आत ओघळतो. दिवसातून बऱ्याचदा घालायचं असल्याने प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं घ्या. थेंब आणि मलम दोन्ही असतील तर थेंब आधी, दहा-पंधरा मिनिटांनी मलम.

एवढं सगळं करूनही दोन्ही डोळ्यांत प्रतिकारशक्तीचाच प्रकार ठरला, सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस पुरेशा ताकदीने, पुरेसे महिने घालूनही आकडा हलला नाही, पण शून्यावरही गेला नाही, म्हणजे ग्रंथीत अजून जीव आहे, तर स्टेम सेलचा विचार करायला माझी हरकत नाही. त्या वेळी दवाखान्याला मोकळेपणाने विचारा. पेशी कोणाच्या? दुसऱ्या कुत्र्याच्या असतील तर त्याची कोणत्या आजारांसाठी तपासणी झाली? टोचण्याच्या दिवशी त्यातल्या किती टक्के जिवंत असतात, आणि जंतू नाहीत याची खात्री कशी करता? सुई नेमकी कुठे देणार, किती गुंगी देणार? गुंगीत आणि भुलेत डोळ्याचं पाणी आणखी घटतं, तेव्हा त्या दिवशी ल्युब्रिकंट कोण घालणार? पहिल्या दिवशी, एका महिन्याने, सहा महिन्यांनी शर्मरचे आकडे लिहून देणार का? मलम चालू ठेवायचं की थांबवायचं, आणि थांबवायचं असेल तर कुठल्या आकड्यावर? हे अभ्यासाचा भाग म्हणून करत असतील तर तसं लेखी संमतिपत्र असायला हवं. यातल्या प्रश्नांवर कोणी वैतागलं तर त्या दवाखान्यात सुई टोचून घेऊ नका. डोळ्यात जखम किंवा संसर्ग असताना, किंवा कुठे गाठ असताना, गाठीचा निकाल लागेपर्यंत हे इंजेक्शन नकोच.

एक जुनी शस्त्रक्रियाही आहे, लाळेची नळी गालातून वळवून डोळ्यात आणायची. डोळा ओला राहतो, पण खाताना चेहरा भिजतो आणि लाळेतल्या क्षारांचे खडे कॉर्नियावर बसतात. मिनूच्या बाबतीत तिथवर जायची वेळ अजून आलेली नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, थांबलो तर डोळा जाईल का. स्टेम सेल न करता थांबल्याने जाणार नाही. पण डोळा कोरडा ठेवून थांबलात तर जाऊ शकतो. सध्या पाच महिने झालेत आणि मलमही बंद आहे, ही गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. कोरड्या कॉर्नियावर हळूहळू रक्तवाहिन्या चढतात, मग तपकिरी रंग साठत जातो, आणि एकदा तो दाट झाला की नंतर पाणी वाढलं तरी पूर्ण पुसला जात नाही. म्हणून तपासणीची वेळ मिळेपर्यंत आजपासूनच ल्युब्रिकंट सुरू करा, जागेपणी दर दोन-तीन तासांनी आणि झोपताना दाट मलमासारखं. सायक्लोस्पोरिन पुन्हा लगेच सुरू करायचं की निदान पक्कं होईपर्यंत थांबायचं, हे तुमच्या डॉक्टरांना फोनवर विचारलंत तरी चालेल. ते बहुधा सुरूच करा म्हणतील.

मिनू तो डोळा मिटून घेऊ लागली, पंजाने चोळू लागली, कॉर्नियावर निळसर धुकं किंवा खड्डा दिसला, किंवा घाण एकदम हिरवट आणि भरपूर येऊ लागली, तर तो डोळ्यातला अल्सर असू शकतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. जाईपर्यंत घरात पडलेले जुने थेंब घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल आणि डोळ्यात जखम असेल, तर काही तासांत कॉर्निया फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्या बाटल्या आजच शोधून वेगळ्या काढा आणि तपासणीला जाताना बरोबर न्या.